तात्यांच्या जर्श्या

आषाढात माळशेजजवळच्या मढ गावच्या खाचरांमध्ये भातलावणी चालू असते, तेव्हा बाकीची मंडळी प्लास्टिकचा कागद पांघरून वाकलेली असतात. तात्या तेवढे फुटबॉलच्या जर्सीत. दर वर्षी वेगळ्या क्लबाची, पण क्लब नेहमी मयत झालेला.

तात्या मुंबईत माथाडी होते, पुढे पुण्यात वॉचमन. आयुष्यात त्यांनी ना देव बदलला, ना तंबाखू. क्लब मात्र सारखे बदलावे लागले. कारण ज्याला हा माणूस आपला म्हणे, तो क्लब बंद पडे. महिंद्रा युनायटेड 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकला, कंपनीने 2010 मध्ये गुंडाळला. मग पिरामलांचा पुणे एफसी. तो 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आला तेव्हा तात्यांनी पेढे वाटले. 2015 मध्ये तोही मिटला. कल्याणी समूहाचा भारत एफसी तर एकच हंगाम टिकला. तात्या म्हणतात, "जर्सी धुऊन वाळत घातली, ती वाळायच्या आत क्लब गेला."

खरा थाट 2014 साली झाला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी! वाधवान समूहाचा पैसा, मालकांत हृतिक रोशन, बालेवाडीच्या मैदानात फ्रान्सचा विश्वविजेता त्रेझेगे. तात्या सुटी टाकून गेले आणि येताना चेहरा पाडून आले. "बँड हाय, घोडा हाय, नवऱ्याची वरात झ्याक हाय. पण संसार कोण करणार?" पाच हंगामांत संघ एकदाच उपांत्य फेरीत पोचला. 2019 मध्ये पैशाची ओढाताण झाली, पुण्याची जागा हैदराबादला गेली आणि 2021-22 मध्ये हैदराबादने करंडक जिंकला. त्या रात्री तात्या जेवले नाहीत. पुढे तिथेही पैसा आटला आणि 2025 मध्ये क्लब दिल्लीला गेला, तेव्हा मात्र दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

"पैशाचं नि माळशेजच्या पावसाचं एकच," तात्या चहाच्या टपरीवर सांगतात. "चार महिने धो धो. अडवला नाय, तर उन्हाळ्यात हंडा घेऊन हिंडा. आणि अडवलाच, तर बघावं कालवा कुणाकडं जातो. पिंपळगाव जोग्याचं धरण आपल्या उशाला, पाणी चाललं पारनेरला!"

मी एकदा त्यांना अडवलं. "तात्या, मुंबई सिटीचं काय? 2019 मध्ये अबुधाबीच्या सिटी फुटबॉल ग्रुपने 65 टक्के वाटा घेतला, 2020-21 ला शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले."

"जिंकले ना. गोव्याहून लोबेरा कोच आणला, त्याच्या हाताखालची पोरं आणली. पैसा अक्कलेनं लावला, कबूल. पण लीगचंच पुढं काय हुणार ते कळंना, तसे 2025 च्या डिसेंबरात वाटा सोडून मोकळे झाले. तिकडं स्पेनातलं मालागा बघ. 2010 ला कतारचा शेख आला, 2013 ला चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी. मग शेखाचं मन उडालं. 2018 ला संघ खालच्या वर्गात. आरं, ज्या घरात एकच कमावता, त्याला पडसं झालं तरी चूल विझती."

परवा जमिनीच्या व्यवहारात वर आलेल्या एका शेटने गावच्या पोरांना जर्श्या देऊ केल्या, छातीवर स्वतःचा फोटो छापून. पोरं हरखली. तात्यांनी एवढंच विचारलं, "शेट, पुढल्या साली चेंडू फुटला तर कोण आणणार?" शेटने चहा संपवला आणि गाडीला किल्ली लावली.

आता पोरं दर रविवारी दहा-दहा रुपये वर्गणी काढतात. सगळ्यांत आधी तात्यांचे दहा येतात. पोरं ते आदराने घेतात. संघाची जर्सी मात्र त्यांना अंगाला लावू देत नाहीत.