उएनो पार्कातला उन्हाळा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सर्वप्रथम फुशारकी घरी ठेवा. 'आम्ही चंद्रपूरचे, 45 अंशांत लग्नाच्या पंगती उठवलेली माणसं, 35 चं काय कौतुक सांगता?' असं ज्यांना वाटतं, त्यांनी ऑगस्टात टोकियोच्या उएनो स्टेशनातून पार्काच्या बाजूने बाहेर पडून दाखवावं. चंद्रपूरचं ऊन भाजतं, इथलं वाफेवर शिजवतं. 35 अंशांवरच्या दिवसांना जपानी हवामान खात्याने 2007 मध्ये वेगळं नाव दिलं, यावरून काय ते समजा. जुलै म्हणजे पावसाळा या हिशेबाने रेनकोट भरला असेल तर काढा. तिथला पाऊस साधारण तिसऱ्या आठवड्यात काढता पाय घेतो. इकडे श्रावणसरी, तिकडे घामाच्या धारा.

साहित्य: छत्री (उन्हासाठी, पुरुषांनी लाजू नये), गळ्यात टॉवेल आणि एक रिकामी पिशवी. पिशवी कचऱ्यासाठी. रस्तोरस्ती यंत्रं तुम्हाला गार चहा देतील, बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा. पहिल्या घोटाला चेहरा आवरावा. रिकाम्या बाटलीचा डबा बहुधा यंत्राशेजारीच असतो. बाकीचा कचरा मात्र दिवसभर तुमच्याबरोबर पर्यटन करतो.

सकाळी सातच्या आत शिनोबाझु तळ्यावर पोहोचा. जुलै-ऑगस्टात अर्धंअधिक तळं कमळांनी झाकलेलं असतं. फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटू लागतात, त्यामुळे 'आरामात नाश्ता करून निघू' म्हणणाऱ्यांना पानं बघायला मिळतात. पानंही चांगली असतात म्हणा.

आता महत्त्वाचा धडा: सिकाडा. झाडाझाडांवर हे किडे असे किंचाळतात की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागतं. लहान मुलं जाळी आणि प्लास्टिकचा पिंजरा घेऊन त्यांच्या मागे असतात. तुमचं काम वाटेकडे बघून चालणं. वाटेवर एखादा सिकाडा उताणा पडलेला दिसेल. बिचारा गेला, असं म्हणून वाकू नका. आधी पाय बघा. पोटाशी घट्ट मिटलेले असतील तर बहुधा मेला. पसरलेले असतील, तर तो फक्त विश्रांती घेतोय आणि तुम्ही बोट लावताच फर्रकन तुमच्या तोंडावर येईल. ही परीक्षा जपानी माणसंही नापास होतात.

तळ्यातल्या बेटावर बेंतेन देवीचं देऊळ आहे. ही आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे आलेली. इथे आठ हातांची. हात जोडून झाले की आवारात फिरा. चष्म्यांचं स्मारक आहे, सुऱ्यांचं आहे, विषारी फुगू माशाचंही आहे. खाऊन झाल्यावर माशाची आठवण ठेवणारा समाज मला तरी दुसरा ठाऊक नाही.

स्मारकांवरून आठवलं. इथे हॉस्पिटल न बांधता बाग करा, असा सल्ला बोदुइन नावाच्या डच डॉक्टरने दिला आणि 1873 मध्ये पार्क झालं. शंभर वर्षांनी कृतज्ञतेने त्यांचा पुतळा उभारला, तो चुकून भावाच्या चेहऱ्याचा. 2006 मध्ये बदलला. तेव्हा फोटो काढताना घाई नको, तिथल्या लोकांनाही वेळ लागला होता.

प्राणिसंग्रहालयात जनावरं तुमच्यापेक्षा शहाणी, सावलीत पडून असतात. इथेच 1949 मध्ये नेहरूंनी जपानी मुलांच्या विनंतीवरून इंदिरा नावाची हत्तीण पाठवली होती. युद्धकाळात इथले हत्ती उपाशी मारले गेले होते, हे कळल्यावर त्या भेटीचं मोल समजतं.

अकराच्या सुमारास हार मानून पाश्चात्य कला संग्रहालयात शिरा. वास्तुविशारद ले कॉर्बुझिएची इमारत, चंदीगडच्या कॅपिटॉलबरोबर 2016 मध्ये एकाच यादीतून जागतिक वारसा झालेली. रोदांचे पुतळे बघा, मोने बघा, पण मुख्य आकर्षण म्हणजे एसी. त्याच्यासमोर विचारमग्न चेहऱ्याने कितीही वेळ उभं राहता येतं.

सोमवारी मात्र जाऊ नका. संग्रहालय बंद, प्राणिसंग्रहालयही बंद. मग एसी फक्त स्टेशनात, आणि तिथे विचारमग्न चेहरा केला की लोक रस्ता चुकलात का म्हणून विचारतात.