वाढत्या अंगाचा ब्रेक

लहानपणी आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची आली नाही. गणवेश वाढत्या अंगाचा, चपला वाढत्या पायाच्या. सातवीत शिवलेली पँट मला दहावीत बरोबर बसली, तेव्हा ती गुडघ्यावर फाटलेली होती. तरी "त्याच पैशांत मोठं मिळतंय तर लहान कशाला?" हे आईचं अर्थशास्त्र अंगात मुरलं ते मुरलंच. त्यानंच परवा मला अलका चौकातल्या झेब्रा पट्ट्यांवर नेऊन सोडलं.

झालं असं, की मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर झिरपू लागला. ब्रेक ऑइल रंग खातं, हे टाकीवरचा रुपयाएवढा पोपडा उडाल्यावर कळलं. मेस्त्री म्हणाला, "काका, नुसत्या किटवर भागलं असतं, पण आतून चरे पडलेत. अख्खाच आणा. नाना पेठेत बाहेरचा स्वस्त मिळेल, फक्त नंबर बघून घ्या." 'काका' इतकं लागलं, की पुढचं कानात शिरलंच नाही.

दुकानदारानं काउंटरवर तीन सिलिंडर मांडले. एकावर 11, दुसऱ्यावर 1/2, तिसऱ्यावर 14. दिसायला तिळे भाऊ, किंमतही एकच. 1/2 बघून मला हसू आलं. पूर्ण पैसे मोजून अर्धा सिलिंडर कोण घेईल? (आकडा आतल्या दट्ट्याच्या व्यासाचा: तो अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर, 11 पेक्षा मोठा. हे ज्ञान नंतरचं.)

"हा 14 कशाला लागतो?"

"डबल डिस्कला."

माझ्या गाडीला डिस्क एकच. म्हणजे एका डिस्कच्या भावात दोन डिस्कचा माल! मी पाकीट काढलं.

मेस्त्रीनं 14 चा आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि गिऱ्हाइकापुढे इलाज नाही अशा चेहऱ्यानं पाना उचलला. सिलिंडर बसवला, हवा काढायला कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावली. लिव्हर दाबायचा, धरायचा, निपल सैल, बुडबुडे बाहेर, निपल घट्ट, लिव्हर सोडायचा. हवा निघाली तसा लिव्हर दगडासारखा टणक झाला. टणक ब्रेक म्हणजे भक्कम ब्रेक, या आनंदात मी निघालो.

चौकात सिग्नल लाल झाला. मी लिव्हर आवळला. तो जेमतेम हलला, आणि गाडीचा वेग तेवढाच जेमतेम उतरला. बोटं पांढरी पडेपर्यंत आवळून, मागचा ब्रेक तुडवून, थांबलो ते पट्ट्यांवर. समोर पिशवी छातीशी धरलेले आजोबा. "घाई असेल तर घरून लवकर निघावं," एवढंच बोलून ते पलीकडे गेले.

मेस्त्रीनं मग माझी शिकवणी घेतली. दोन सिरिंज, एक बारीक, एक जाड. पाणी भरून नळीनं जोडलेल्या. बारीक दाबली तर जाड सिरिंजचा दट्ट्या माझ्या अंगठ्याला रेटून वर येई. जाड दाबायला गेलो, तर मेस्त्री नुसत्या करंगळीनं पलीकडची बारीक अडवून धरी. सतराव्या शतकातला पास्कल शाळेत पाठ करून मी विसरलो होतो. ढकलणारा दट्ट्या जितका लहान, तेवढ्याच जोरात दाब तितका जास्त. फरक नुसता तीनाचा नव्हे, वर्गाचा: 11 चे 121, 14 चे 196. तेवढ्याच ब्रेकला मनगटातून दीडपटीहून जास्त जोर. दोन कॅलिपरना ऑइल जास्त ढकलावं लागतं, म्हणून तिथे 14. उलट फारच लहान घेतला, तर लिव्हर मुठीला टेकतो.

"मापाचा घ्यायचा असतो, काका."

दुकानात 'बसवलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी होतीच. 11 चा घेतला. आता दोन बोटांत गाडी थांबते.

14 चा माळ्यावर ठेवलाय. "आता तो कशाला?" बायकोनं विचारलं.

"पुढेमागे दोन डिस्कची गाडी घेतली तर..."

"अहो, म्हणजे आता सिलिंडरच्या मापाची गाडी शिवायची?"