विमान मक्यात आहे

डेटन, ओहायो
10 ऑगस्ट 2025

ती. आई आणि ती. अण्णा,

दर रविवारी आपण फोनवर बोलतो, पण तो फोन स्पीकरवर असतो आणि स्पीकरशेजारी तुमचे चिरंजीव बसलेले असतात. त्यामुळे इकडची खरी बातमी तुमच्यापर्यंत कधी पोचतच नाही. अण्णा विचारतात, "बाकी काय विशेष?" समीर म्हणतो, "काही नाही, चाललंय." आणि मी पोळ्या लाटायला उठून जाते. म्हणून हे पत्र. विशेष आहे. समीर पुन्हा विमानं उडवायला लागला आहे.

आई, तुम्ही कपाळाला हात लावलात ते मला इथून दिसलं. एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना त्यानं घरी आणलेलं ते चिमुकलं डिझेल इंजिन तुम्ही विसरला नसाल. ईथर, रॉकेल आणि एरंडेल समान भाग, असं त्याचं खाणं. मुलांच्या पोटासाठी तुम्ही आणून ठेवलेली एरंडेलाची बाटली भराभर संपायची आणि तुम्हाला वाटायचं, पोरांना आपणहून शिस्त लागली! हे तुम्हीच मला लग्नानंतर सांगितलं होतंत. ते विमान दोन तारांना बांधलेलं असायचं आणि उडवणारा मधे उभा राहून गरगर फिरायचा. इथे एम.एस.ला आल्यावर त्यानं तारा सोडल्या आणि रेडिओवर चालणारं विमान घेतलं. पुढे सई झाली, घर झालं, घराचे हप्ते झाले आणि विमान खोक्यात जाऊन तळघरात बसलं. त्याला आता वीसेक वर्षं होत आली.

मग आत्ताच काय झालं? तर सईला गाडी चालवायचा परवाना मिळाला. तिचं कथक, पोहणं, मराठी शाळा, मैत्रिणींचे वाढदिवस या सगळ्यांची ने-आण एका झटक्यात बंद झाली आणि समीरच्या हाती अख्खे रविवार पडले. त्यानं गवत कापलं. पुढच्या रविवारी तेच गवत पुन्हा कापलं. त्यानंतरच्या रविवारी तो तळघरात उतरला आणि जेवायलाही वर आला नाही, तेव्हाच मी समजले.

खोक्यातून निघालेल्या ऐवजाबद्दल लिहिते, कारण अण्णांना त्यात गोडी वाटेल. पंखांवरचं प्लॅस्टिकचं आवरण सैल पडून सुरकुतलं होतं, पण आतला बाल्सा शाबूत होता. बॅटऱ्या फुटून हिरव्या झाल्या होत्या. आणि इंजिन जाम! एरंडेल वर्षानुवर्षं आत राहिलं की त्याचा डिंक होतो म्हणे. समीरनं सईचा हेअर ड्रायर घेऊन ते शेक शेक शेकलं. अखेर प्रॉपेलर सुटून फिरला आणि सगळ्या तळघरात तुमच्या पुण्यातल्या मोरीचा वास सुटला. तो तिथेच खुर्चीवर बसून वास घेत होता. मी काही बोलले नाही. सई मात्र बोलली. ड्रायर तिचा होता.

पण खरी गंमत पुढेच आहे. हा परत आला, आणि मधल्या काळात त्याचा छंदच घर बदलून गेला होता! याच्या वेळी 72 मेगाहर्ट्झचे रेडिओ होते. मैदानावर एक फळी असायची, तिच्यावर प्रत्येक चॅनेलचा एकेक कपड्यांचा चिमटा. आपल्या चॅनेलचा चिमटा आपल्या हातात आल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही, कारण एकाच चॅनेलवर दोघं आले की एकाचं विमान गेलंच. आता सगळं 2.4 गिगाहर्ट्झवर. यंत्र आपली वाट आपण शोधतं, चिमटा लागत नाही. इंजिनाच्या जागी विजेची मोटार आली, आवाज पंख्याएवढा. आणि पूर्वी ज्या सांगाड्यात सगळा हिवाळा जायचा, लाकडाच्या बरगड्या कापा, चिकटवा, घासा, त्या जागी आता फोमचं तयार विमान खोक्यात येतं. चार स्क्रू पिळले की झालं. ज्या दिवशी ते आलं त्याच दुपारी ते जोडून झालं आणि समीर असा हिरमुसला, की सोसायटीच्या पंगतीत पहिल्याच वाढीला पोट भरल्यासारखा दिसत होता.

त्यात सरकारी कागद. पाव किलोच्या वर वजन असेल तर इथल्या विमान खात्याकडे नोंदणी करायची, 5 डॉलर भरायचे, 3 वर्षांसाठी नंबर मिळतो, तो विमानावर बाहेरून दिसेल असा चिकटवायचा. आमच्या मैदानासारख्या मोकळ्या हवाई हद्दीत 400 फुटांच्या वर जायचं नाही. शिवाय 2024 च्या मार्चपासून नियम कडक झाला, की आपण कुठे आहोत हे विमानानं उडता उडता सतत रेडिओवरून जाहीर करायचं. मान्यताप्राप्त क्लबांच्या मैदानांवर मात्र त्यातून सूट असते, म्हणून समीर क्लबात गेला. (कुठे आहोत ते सतत जाहीर करायचा नियम नवऱ्यांसाठी करायला काय हरकत होती?)

क्लबचं मैदान गावाबाहेर, शेतांच्या मधोमध. एक गवताची धावपट्टी, एक पत्र्याची शेड, घडीच्या खुर्च्या आणि त्यांवर सरासरी पंचाहत्तरीचे आजोबा. त्यातले बरेचसे इथल्या हवाईदलाच्या तळावर मेकॅनिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. चारी बाजूंना एका वर्षी सोयाबीन, एका वर्षी मका. वसंतात शेतकऱ्यानं काय पेरलंय हे विचारायला आजोबा मंडळी जातीनं जातात, कारण सोयाबीनमध्ये पडलेलं विमान दिसतं आणि मक्यातलं दिसत नाही. यंदा मका आहे.

अण्णा, डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव हे मी तुम्हाला सांगायला नको. (राइट बंधूंच्या आधी चौपाटीवर विमान उडवलं म्हणतात त्या तळपद्यांचा विषय आपण तुम्ही आल्यावर काढू, पत्रात नको. त्याला पुरावा कुठाय यावरून समीर तुमच्याशी पुन्हा भांडेल.) ऑरव्हिल राइटचं 17 डिसेंबर 1903 चं पहिलं उड्डाण 12 सेकंदांचं झालं. तुमच्या चिरंजीवांचं पुनरागमन त्याहून थोडं आटोपशीर झालं.

झालं असं. विमान झकास वर चढलं, डावीकडे वळलं आणि आमच्याकडे तोंड करून यायला लागलं. आता विमान आपल्यापासून लांब जात असतं तेव्हा त्याचं डावं ते आपलं डावं, पण ते आपल्याकडे येतं तेव्हा सगळं उलटं. याचा एक सोपा तोडगा जुने लोक सांगतात: जो पंख खाली झुकतोय त्याच्याच बाजूला काडी ढकलायची, त्याला जणू टेकू द्यायचा. समीरला हा तोडगा माहीत होता. कॉलेजातल्या पोरांना त्यानंच शिकवला होता. पण डोक्याला माहीत असणं वेगळं आणि अंगठ्याला माहीत असणं वेगळं. अंगठ्यानं उलटं केलं, विमानानं अंग टाकलं आणि ते धावपट्टीच्या काठाशी नाकावर बसलं.

समीरनं चष्म्यावर बिल टाकलं. नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा, वर बघितलं की नंबर बदलतो वगैरे. त्यावर एका टोपीवाल्या आजोबांनी त्याला मेनार्ड हिल यांची गोष्ट ऐकवली. हे मेरीलँडचे गृहस्थ, तेव्हा वय 77, कायद्याच्या व्याख्येनुसार दृष्टिहीन. त्यांनी बाल्साचं विमान बनवलं, इंधनासकट पाच किलोच्या आत, आणि 2003 च्या ऑगस्टमध्ये ते कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून सुटलं ते जीपीएस आणि ऑटोपायलटच्या भरवशावर अटलांटिक ओलांडून 38 तास 52 मिनिटांनी आयर्लंडला उतरलं. तेही 1919 साली अल्कॉक आणि ब्राउन जिथे उतरले त्या क्लिफ्डेन गावाजवळ! गोष्ट संपवून आजोबा समीरच्या चष्म्याकडे नुसते बघत राहिले. चष्म्याचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

त्यांनी आणखी एक सांगितलं ते मला फार आवडलं: विमान नेहमी दोन चुका होऊ शकतील एवढ्या उंचीवर ठेवायचं. एक चूक करायला आणि ती निस्तरताना दुसरी करायला.

आता मोदकपात्राचं. आई, हे वाचताना शांत राहा. फोमचं विमान आपटलं की त्याच्या पंखाची कड चेपते. चेपलेल्या फोमला वाफ दिली की आतली हवा फुगते आणि पोचा परत वर येतो. समीरनं तुम्ही दिलेल्या मोदकपात्रात पाणी उकळत ठेवलं, झाकण काढलं आणि पंख आडवा धरून इंच-इंच सरकवत राहिला. मी बघत उभी राहिले, कारण पोचा खरोखरच भरून येत होता, सुरकुती न सुरकुती. एवढ्या चिकाटीनं त्यानं आयुष्यात कधी उकड काढलेली नाही. पण गणपती 27 तारखेला आहेत, तेव्हा पात्र मी घासून कपाटात वर ठेवलंय आणि विमानासाठी वेगळं भांडं आणायला सांगितलंय. बिडाचा तवाही लपवला. त्याच्या बॅटऱ्या लिथियमच्या, चार्ज होताना चुकून पेट घेऊ शकतात, म्हणून न जळणाऱ्या वस्तूवर ठेवायच्या आणि लक्ष ठेवायचं. त्यासाठी त्याला माझाच तवा सुचला. आता बॅटऱ्या गॅरेजमध्ये फरशीवर चार्ज होतात आणि हा समोर स्टूल टाकून बसतो. सईच्या पहिल्या तापात एवढा जागला होता.

आणि ते बटण. ट्रान्समीटरवर (त्याला रिमोट म्हटलेलं समीरला चालत नाही, मी मुद्दाम म्हणते) एक बटण आहे. विमानाच्या पोटात जायरो असतो. विमान कसंही वेडंवाकडं झालेलं असो, ते बटण दाबलं की आपोआप सरळ होतं आणि पंख सपाट करून मुकाट्यानं उडत राहतं. म्हणजे मी वर लिहिलेला सगळा प्रसंग एका बटणावर टळला असता. सई ओरडतच होती, "बाबा, बटण दाब ना!" हा दाबत नाही. म्हणतो, मग उडवलं कोणी? मी की त्यानं? मी म्हटलं, गाडीला पॉवर स्टिअरिंग आहे, तेव्हा नाही विचारत गाडी कोणी चालवली ते. त्यावर तो तासभर गप्प होता.

मला स्वतःला असला काही अभिमान नाही. एकदा त्यानं ट्रान्समीटर माझ्या हातात दिला तेव्हा मी दिलखुलास उडवलं. जरा गडबड वाटली की बटण, पुन्हा गडबड की पुन्हा बटण. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. समीर म्हणाला, "हे काही खरं उडवणं नाही." नसेल. पण माझं विमान त्याच पायांवर परत आलं.

त्याचं मक्यात गेलं. ऑगस्टातला इथला मका माणसाच्या डोक्यावरून जातो. दहा पावलं आत गेलं की मागचं दिसत नाही, पुढचं दिसत नाही, पानांच्या कडा हातांना ओरखडे काढतात आणि सगळ्या ओळी सारख्या. अण्णा, वाईच्या शेतात तुम्ही लहानपणी ज्वारीत हरवला होतात ते तुम्ही सांगता, त्याची आठवण झाली. समीरनं विमान पडताना लांबच्या एका झाडाकडे बोट धरून ठेवलं होतं, त्या रेषेत सरळ चालत जायचं असतं. मी शेडजवळ उभी राहून "अजून उजवीकडे" असं ओरडत होते आणि आत कुठेतरी मका हलत होता. बाहेर आला तेव्हा हातात विमान होतं, चेहऱ्यावर परागकण होते आणि तो इतका खूश होता की मला वाटलं, बक्षीसच मिळालंय.

आई, खरं सांगते, मला हे चाललंय ते बरं वाटतं. ऑफिसात काही बिघडलं की आठवडाभर मीटिंगा चालतात आणि शेवटी कळतच नाही काय बिघडलं होतं. इथे पंख तुटला तर पंख तुटलेला दिसतो. आणि मैदानावर याला "यंग मॅन" म्हणणारी माणसं भेटतात. सत्तेचाळिसाव्या वर्षी असं कोण म्हणतं?

आता कामाचं. ऑक्टोबरात येताना भाजणी, कुळथाचं पीठ आणि गोडा मसाला आणा. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत समीरचं ते जुनं डिझेल इंजिन असेल, तेही आणा, पण त्याला सांगू नका. नीट धुऊन, पुसून, कोरडं करून आणा, नाहीतर विमानतळावर वासाचं स्पष्टीकरण द्यावं लागेल. एरंडेल आणू नका, इथे मिळतं. अण्णांना मैदानावर उडवायचं असेल तर आधी विमान खात्याची एक छोटी परीक्षा द्यावी लागेल. फुकट आहे, घरबसल्या होते, आणि उत्तर चुकलं तर तिथल्या तिथे बरोबर उत्तर समजावून पुन्हा विचारतात, म्हणजे नापास व्हायची सोय नाही. आजोबांनी तुमच्यासाठी खुर्ची सांगून ठेवली आहे.

सर्वांना यथायोग्य नमस्कार, आशीर्वाद.

तुमची,
मेधा

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मैदानावरून समीरचा फोन. विमान मक्यात आहे, लांब बाह्यांचा शर्ट घेऊन ये. मी म्हटलं, "बटण दाबायचं होतंस." तो म्हणाला, "मी नव्हतो उडवत, सई होती." फोन तिला द्यायला लावला. म्हणाली, दाबलं नाही. मुद्दाम.