डोमकळीला किती गुण?

2018 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्मोकोलवर बंदी आली, तेव्हा सगळ्यात मोठा घाव बसला तो शाळेतल्या जीवशास्त्रावर. तोवर अमरावती-अकोल्याकडे हृदय, मूत्रपिंड, पेशी, झालंच तर अमीबासुद्धा थर्मोकोलचाच असे. प्रकल्प जमा करायच्या आदल्या रात्री राजकमल चौकात नाही तर अकोल्याच्या टिळक रोडवर वडीलमंडळी स्टेशनरीच्या दुकानासमोर ताटकळत. हृदयाला कप्पे किती, हे त्यांना रंगाच्या डब्या निवडताना तिथंच कळे. बंदीनंतर थोडे दिवस हळहळ झाली, मग फोमशीट आली आणि हृदय पुन्हा धडधडू लागलं. म्हणजे धडधडलं नाहीच, पण दहापैकी नऊ गुण मिळाले.

जिवंत वस्तूशी शाळेचा खरा संबंध येतो तो मुगाच्या कृपेनं. ओल्या कापसावर मूग ठेवा, पाणी शिंपडा, मोड कसा फुटतो ते बघा. मोठा गुणी प्रयोग. फक्त कापूस आणायचा तो मेडिकलमधून, निळ्या कागदात गुंडाळलेला. दिवाळीनंतर ज्यांच्या घरात कापसाच्या गंजीमुळं पाय ठेवायला जागा उरत नाही, त्या पोरांनीसुद्धा मेडिकलमधूनच. अशा वर्गात कोणीतरी विचारणारच, "मॅडम, कापसात बी कायले ठेवाचं? त्याच्यात तं सरकी पयलेच राहते!" हे पोरगं वात्रट ठरतं. वास्तविक वर्गातलं सगळ्यात शास्त्रीय वाक्य तेच. कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, वाढत वाढत अडीच-तीन सेंटिमीटर लांब झालेली. पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, असं फळ्यावर लिहून घेतलं जात असताना वेचणीवरून थेट शाळेत आलेल्या पोरांच्या अंगावर शेकडो पेशी चिकटलेल्या असतात.

फुलाचे भाग शिकवायचे तर जास्वंद हवी. वऱ्हाडात उन्हाळ्यात जास्वंद जगवणं हाच एक स्वतंत्र प्रकल्प आहे. पण शाळेच्या कुंपणापलीकडं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी असते, आणि ती जास्वंदीचीच बहीण. भेंडी आणि अंबाडीही त्याच कुळातल्या. पुंकेसरांची तीच एकत्र जुळलेली नळी, वर एक जादाची करामत: बीटी कपाशीचं फूल पहिल्या दिवशी दुधी-पिवळसर उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. वेळापत्रकही सोयीचं. विदर्भात उन्हामुळं शाळा जूनच्या अखेरीस भरतात, पेरणीच्या सुमारास. पहिल्या सत्राच्या परीक्षेपर्यंत बोंडं फुटायला लागतात. पऱ्हाटीइतकी नियमित हजेरी दुसरं कोण लावणार?

तरीही मॅडमनी धीर करून पऱ्हाटीची फुलं मागवलीच, तर त्यांत एखादं न उमललेलं, पाकळ्यांना पीळ पडलेलं फूल हमखास येतं. मागच्या बाकावरून इशारा मिळतो, "थे डोमकळी हाय मॅडम. फोडू नका, आत अळी असन." फोडलं की असतेच. गुलाबी बोंडअळीनं पाकळ्या आतून धाग्यांनी शिवून घेतलेल्या असतात. किंचाळतात ती गावातली पोरं. वावरातली पोरं तिला तळहातावर घेऊन तिचं वय सांगतात. पण मूल्यमापनाच्या तक्त्यात डोमकळीला रकाना नसतो, त्यामुळं गुण जातात जास्वंदीच्या सुबक चित्राला.

याच अळीचे पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्याची तऱ्हा आणखी नाजूक. त्यातल्या रबराच्या तुकड्याला मादी पतंगासारखा गंध दिलेला असतो. नर भुलून येतात आणि अडकतात. सातवीच्या मिश्र वर्गात हे समजावताना शिक्षकांना एकाएकी फळा पुसायची गरज वाटू लागते. तेवढ्यात एखादी मुलगी शांतपणे सांगून टाकते, "थ्या रबराले मादीचा वास राह्यते सर. नर येतेत अन् फसतेत." विषय संपला. लाजायचं कोणी, हे वावरात केव्हाच ठरलेलं असतं.

उत्क्रांती म्हटली की आपल्याला जिराफाची मान आठवते. जिराफ वऱ्हाडात नाही, अळी आहे. बीटी कापूस 2002 मध्ये आला, दोन जनुकांचा 2006 मध्ये. त्या झाडांतच तयार होणाऱ्या विषाला पुरून उरणाऱ्या अळ्या जगल्या, त्यांची पिलावळ वाढली आणि 2017 च्या हंगामात विदर्भानं बोंडअळीचा तडाखा सोसला. बियाण्याच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बी वेगळं मिळायचं. त्या झाडांवर साध्या अळ्या पोसाव्यात, त्यांचे पतंग चिवट पतंगांशी जुळावेत आणि चिवटपणा पातळ व्हावा, हा हिशेब. बऱ्याच जणांनी ते बी लावलंच नाही. मला विचाराल तर दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. उत्क्रांती जिराफावर शिकवली की ती आफ्रिकेतच राहते.

आणि विज्ञान असं शिवारातून शिकवणं अशक्य आहे असंही नाही. मेळघाट ओलांडून मध्य प्रदेशात उतरलं की जो मुलूख लागतो, तिथं होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 मध्ये सोळा शाळांत सुरू झाला आणि 2002 पर्यंत चालला. मुलं शिवारात हिंडत, स्वतः प्रयोग करत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. आपल्याकडं मेळघाट ओलांडतो तो बहुधा वाघ. अभ्यासक्रमाला घाट चढवत नसावा.

तेव्हा गुरुजनहो, यंदा पाती लागायच्या सुमारास शाळेजवळच्या एखाद्या वावरात, मालकाला विचारून, एक कामगंध सापळा लावा. रोज सकाळी पोरांना पतंग मोजू द्या, आकडा वहीत लिहू द्या. सलग तीन दिवस रोज आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले, तर ती धोक्याची पातळी असते. मग गुणांचं नंतर बघा, आधी एखाद्या पोराला त्या शेतकऱ्याकडं पळवा.