महिना हजार रुपये: पेन्शन गोठवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय धोरणकर्ते,
केंद्रीय अर्थ मंत्रालय आणि केंद्रीय श्रम व रोजगार मंत्रालय,
नवी दिल्ली



1 सप्टेंबर 2014 पासून तुम्ही ईपीएस-95 ची, म्हणजे 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, किमान पेन्शन महिना 1,000 रुपये केलीत. तेव्हा त्याच्या मोठ्या जाहिराती झाल्या. त्यानंतर 2025 साल उलटलं, तरी त्या हजाराचे एक हजार एक झाले नाहीत. मधल्या काळात लोकसभेच्या दोन निवडणुका झाल्या आणि अकरा वर्षांचे अर्थसंकल्प टाळ्यांच्या गजरात मांडले गेले. हजार मात्र हजारच राहिला. म्हणून हे पत्र तुम्हाला. इतकी वर्षं एखादा आकडा आपोआप जागच्या जागी राहत नाही, तो कोणीतरी धरून ठेवावा लागतो. तुम्ही तो धरून ठेवलात.

हे पैसे कोणाला मिळतात, ते आधी बोलू. फायलीत त्यांची नोंद ‘लाभार्थी’ अशी असते. प्रत्यक्षात त्यांत एसटीचे निवृत्त चालक-वाहक आहेत. साखर कारखान्यांत आणि सूतगिरण्यांत पाळ्या केलेले कामगार आहेत. सोलापुरात सुपात तंबाखू घेऊन आयुष्यभर विड्या वळलेल्या बाया आहेत. सहकारी बँकांचे कारकून, दूध संघांचे कर्मचारी, सातपूर आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत मशीनवर उभे राहिलेले ऑपरेटर आहेत. देशभरात अशा पेन्शनरांची संख्या पाऊण कोटीहून अधिक आहे. यातल्या कोणी तुमच्याकडे दान मागितलेलं नाही. मालकाच्या वाट्यातून पगाराचे 8.33 टक्के दर महिन्याला या योजनेत जमा होत गेले. तो मालकाचा हिस्सा म्हणवला गेला तरी कामगाराच्या कष्टाचाच मोबदला होता. आजचा पगार थोडा कमी घ्या, म्हातारपणी आम्ही सांभाळू, असा तो करार होता. कामगाराने त्याची बाजू पाळली.

आता तुमचं सूत्र. पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. म्हणजे 4,000 रुपये पगारावर 15 वर्षं काम केलेल्या बाईची पेन्शन होते 857 रुपये. ती वर ओढून तुम्ही हजार करता. त्यासाठी तिजोरीतून भर घालता, हेही खरं आहे. पण त्या हजारात आज काय येतं? सप्टेंबर 2014 मध्ये दिल्लीत अनुदानित गॅस सिलिंडर चारशे रुपयांच्या आसपास होता. एप्रिल 2025 मध्ये सर्वसाधारण ग्राहकासाठी सिलिंडर 853 रुपयांवर गेला. तेव्हाच्या हजारात दोन सिलिंडर येऊन वर पैसे उरत. त्या भावाने एक येतो आणि दीडशे रुपयांत महिना काढायचा. रक्तदाबाच्या गोळ्या, डाळ, तेल, विजेचं बिल, दवाखान्यात जायचं एसटीचं तिकीट, सगळं त्या दीडशेत. या अकरा वर्षांत देशातले भाव दीडपटीहून अधिक झाले. आकडा तोच ठेवून तुम्ही ही पेन्शन दरवर्षी कापत आलात. कापल्याचा आदेश काढावा लागला नाही, संसदेत चर्चा झाली नाही, कोणाची सहीही लागली नाही. आणि अनाथ झालेल्या मुलाची किमान पेन्शन? महिना 750 रुपये. या रकमेत एक मूल कसं वाढवायचं, ते ठरवणाऱ्याने एकदा कागदावर मांडून दाखवावं.

आता पगाराच्या मर्यादेकडे येऊ, कारण मधल्या उत्पन्नाच्या माणसाला तुम्ही तिथे गाठलंत. पेन्शनसाठी धरायच्या पगाराला तुम्ही छत घातलंत. 1 जून 2001 पासून ते 6,500 होतं, 1 सप्टेंबर 2014 पासून 15,000 झालं. कामगाराचा पगार 25,000 असो वा 40,000, सूत्रात सहसा 15,000 च्या वरचं काही धरायचं नाही. त्यातही 2014 च्या आधीची सेवा 6,500 वरच मोजायची. नोव्हेंबर 1995 मध्ये योजना सुरू झाल्यापासून 2025 पर्यंत, तब्बल तीस वर्षं, पूर्ण मर्यादेवर भरणा झालेल्या माणसाच्या हाती महिना चार-साडेचार हजार पडतात. मुलांची शिक्षणं आणि घराचा हप्ता पार पाडून निवृत्त झालेल्या ऑपरेटरला तुमच्या लेखी म्हातारपणी एवढं पुरतं.

तुम्ही जिथे बसता त्या दिल्लीत एप्रिल 2025 मध्ये अकुशल कामगाराचं किमान वेतन महिना 18,456 रुपये झालं. म्हणजे तुमच्या मंत्रालयाच्या फाटकाबाहेर झाडू मारणाऱ्या माणसाचं कायद्याने ठरलेलं किमान वेतनसुद्धा तुमच्या 15,000 च्या छताच्या वर गेलं आहे. त्या माणसाने आज पहिली नोकरी धरली, तर पगार मर्यादेपेक्षा जास्त म्हणून त्याला या पेन्शन योजनेत जागाच नाही. सर्वांत कमी मजुरी घेणाऱ्याला तुमच्या नियमाने जास्त पगारदार ठरवलं. हा नियम तुमच्या टेबलावर इतकी वर्षं आहे आणि त्याची लाज वाटून कोणी तो बदललेला नाही.

स्वतःच्या बाबतीत मात्र तुम्हाला महागाई नीट कळते. 2018 च्या वित्त कायद्याने खासदारांचे पगार महागाई निर्देशांकाला जोडले गेले. त्या हिशेबाने मार्च 2025 मध्ये अधिसूचना निघाली, पगार 1,00,000 वरून 1,24,000 झाला, माजी खासदारांची पेन्शन 25,000 वरून 31,000 झाली आणि तीही 1 एप्रिल 2023 पासून लागू. एकच टर्म पूर्ण केली तरी ती पेन्शन मिळते. त्यासाठी कोणाला उपोषणाला बसावं लागलं नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना किमान पेन्शन 9,000 रुपये आहे आणि तिच्यावर महागाई दिलासा मिळतो. जुलै 2025 पासून तो 58 टक्के झाला, म्हणजे तेव्हा हाती आले 14,220 रुपये. 1 एप्रिल 2025 पासून तुम्ही एकीकृत पेन्शन योजना आणली. तिच्यात दहा वर्षं सेवा झाली की किमान 10,000 रुपयांची हमी आहे, वर महागाई दिलासा.

ईपीएसमध्येही किमान सेवेची अट दहा वर्षांचीच आहे. तीच दहा वर्षं, तोच देश, तीच बाजारातली डाळ. एकाला दहा हजार आणि दुसऱ्याला एक हजार. सरकारी कर्मचाऱ्याला मिळतं ते योग्यच आहे, त्यातला एक रुपयाही कमी करू नका. पण एकीकृत योजनेत सरकार पगाराच्या 18.5 टक्के घालतं आणि खासगी व सहकारी क्षेत्रातल्या कामगारासाठी 1.16 टक्के, तेही छताच्या आत, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 174 रुपये. एवढा फरक कोणत्या न्यायाने करता, ते एकदा स्पष्ट सांगा. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धांना महिना 1,500 रुपये मिळतात. ते मिळायलाच हवेत. पण पंधरा वर्षं विड्या वळून योजनेत भरणा केलेल्या बाईला त्याहूनही कमी मिळावं, ही व्यवस्था तुम्ही उभी केलीत आणि तिला सामाजिक सुरक्षा म्हणता.

तुमचं उत्तर ठरलेलं आहे. संसदेत प्रश्न आला की सांगता: निधीत विमागणिती तूट आहे, पेन्शन वाढवणं परवडत नाही. तूट आहे, मान्य. पण ती का आहे? ज्या योजनेत सरकारचा वाटा 1.16 टक्क्यांवर थांबवला आणि पगाराचं छत आधी तेरा आणि मग अकरा वर्षं हलवलं नाही, तिच्यात तूट येणारच. 2013 मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने उपाय सांगितले होते. किमान पेन्शन 3,000 करा, ती महागाईला जोडा, सरकारचा हिस्सा 8.33 टक्के करा. समिती तुमच्याच संसदेची होती. तिचा अहवाल तुम्ही कपाटात ठेवलात आणि आता तूटच कारण म्हणून पुढे करता.

परवडत नाही म्हणता, तर हिशेब मांडू. पेन्शनर 80 लाख धरा, आणि सगळेच हजारावर आहेत असं धरा. खरं तर अनेकांना त्याहून जास्त मिळतं, म्हणजे हा आकडा फुगवूनच धरला आहे. सगळ्यांना 3,000 द्यायला वर्षाला 19,200 कोटी जादा लागतील. आंदोलक मागतात ते 7,500 द्यायला 62,400 कोटी. महागाईला जोडल्यावर पुढे हा खर्च वाढेल, तेही धरा. आता 20 सप्टेंबर 2019 आठवा. पणजीत पत्रकार परिषद झाली आणि कंपन्यांच्या आयकराचा मूळ दर 30 वरून 22 टक्के, नव्या कारखान्यांसाठी 15 टक्के झाला. वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचं उत्पन्न सोडल्याचं अर्थमंत्र्यांनी स्वतः सांगितलं. त्या दिवशी विमागणितज्ञाला कोणी बोलावलं नव्हतं. हा निर्णय परवडेल का, असा अहवाल मागवायला कोणी वर्षं घालवली नाहीत. एका सकाळी ठरलं आणि झालं. त्या रकमेच्या निम्म्याहून कमी पैशात या देशाच्या प्रत्येक ईपीएस पेन्शनरला 7,500 रुपये देता आले असते. तेव्हा तिजोरी रिकामी आहे असं पुन्हा सांगू नका. तिजोरी कोणासाठी उघडायची ते तुम्ही ठरवलंत.

आणि ज्यांच्यासाठी ती उघडली नाहीत, त्यांच्याकडून तुम्ही दरवर्षी काय मागता? हयातीचा दाखला. विड्या वळून, लोखंड घासून, वर्षानुवर्षं गरम यंत्रं हाताळून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा ठसा यंत्र घेत नाही. आता चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, पण त्यासाठी स्मार्टफोन हवा किंवा सेवा केंद्राच्या फेऱ्या हव्यात. हजार रुपयांतले शे-दोनशे त्या फेऱ्यांत जातात. दाखला पोचला नाही तर पेन्शन थांबते. आपण जिवंत आहोत हे या लोकांनी तुम्हाला दरवर्षी पटवून द्यायचं आणि तुम्ही त्यांच्या जगण्याचा खर्च अकरा वर्षं विचारातही घ्यायचा नाही.

हे लोक गप्प बसलेले नाहीत. बुलढाण्यात त्यांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण चालवलं. दिल्लीत जंतर मंतरवर थंडीत बसले. सत्तरी-पंच्याहत्तरी ओलांडलेली माणसं, काठी टेकत, जनरल डब्यातून प्रवास करून तुमच्यापर्यंत आली. त्यांना प्रत्येक वेळी आश्वासन मिळालं. दर वर्षी त्यांच्यातली काही माणसं कमी होतात, आणि त्याबरोबर तुमचं देणंही कमी होतं. हे तुम्हाला माहीत नाही असं मी मानत नाही. म्हणूनच तुमची दिरंगाई मला निष्काळजीपणा वाटत नाही, अन्याय वाटतो.

मागण्या चार आहेत. किमान पेन्शन माणूस जगेल एवढी करा आणि खासदारांच्या पगारासारखी ती महागाईला कायद्याने जोडा. पगाराची मर्यादा किमान वेतनाच्या वर न्या आणि दरवर्षी तिचा आढावा घ्या. सरकारचा हिस्सा 1.16 टक्क्यांवरून वाढवा. आणि अनाथ मुलाची 750 रुपयांची रक्कम आजच रद्द करून तिथे माणुसकीला धरून असलेला आकडा लिहा. यातली एकही गोष्ट अवघड नाही. स्वतःसाठी तुम्ही ती 2018 मध्ये केली, कंपन्यांसाठी 2019 मध्ये केली. कामगारांसाठी कोणत्या तारखेला करणार, ती तारीख संसदेत उभं राहून सांगा. नाही करणार असाल, तर तेही तिथेच उभं राहून सांगा, म्हणजे पुढच्या मतदानाला जाताना पाऊण कोटी पेन्शनर आणि त्यांच्या घरच्यांना कोणाला जाब विचारायचा ते कळेल.

कळावे,
पगारातून कर आणि भविष्य निर्वाह निधी भरणारा एक नागरिक