तुम्ही नक्की कुणाचे?

इंग्लंडमधले एक पुढारी नॉर्मन टेबिट यांनी 1990 मध्ये निष्ठा मोजायची सोपी परीक्षा सांगितली होती : बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेले आशियाई लोक क्रिकेटच्या सामन्यात कुणासाठी टाळ्या वाजवतात ते पाहा. त्यावरून बरंच रान उठलं. मला मात्र टेबिटसाहेबांची दृष्टी तोकडी वाटते. नापास व्हायला माणसाने देश सोडायला हवा, असं त्यांनी धरून चाललं होतं. बेंगळुरूतला मराठी माणूस देशात राहूनही नापास होतो.

जानेवारी 2010. म्हैसूरला रणजीचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध कर्नाटक. मनीष पांडेने 144 काढून सामना जवळजवळ ओढून आणला होता, आणि शेवटी मुंबई अवघ्या 6 धावांनी जिंकली. मल्लेश्वरममधल्या आमच्या दिवाणखान्यात सासरे दादरचे, ते उडी मारून उठले. शेजारी घरमालक बसले होते, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे. त्यांचा चेहरा दिसला आणि टाळीसाठी उचललेले हात मी तसेच जोडून नमस्कार केला. कुणाला, ते मलाही कळलं नाही. घरमालक ‘परवागिल्ला’ (हरकत नाही) म्हणाले आणि कॉफी संपवू लागले. सासऱ्यांनी खाली बसता बसता विचारलं, “जावईबापू, तुम्ही नक्की कुणाचे?”

ठरलेल्या शिक्क्यांप्रमाणे कानडी माणूस सोशीक आणि मराठी माणूस भांडकुदळ. आमचे घरमालक पाण्याच्या बिलातला रुपया सोडत नाहीत आणि सासऱ्यांनी आयुष्यात रिक्षावाल्याशी वाद घातलेला नाही. पण सामना असला की दोघेही आपापल्या शिक्क्यात चपखल बसतात.

या गावात हा प्रश्न जुना आहे. 1638 मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाबरोबर येऊन शहाजीराजांनी केंपेगौडांकडून बेंगळूर घेतलं आणि आदिलशहाकडून ते त्यांना जहागीर मिळालं. तोवर राजांची निजामशाही करून झाली होती, मोगलाई करून झाली होती, आता आदिलशाही. त्या काळी याला चाकरी म्हणत, कुणाला घेरी येत नसे. पंचाईत झाली ती मुलामुळे. पुण्याकडे शिवाजीराजे किल्ले घेऊ लागले आणि 1648 मध्ये जिंजीच्या छावणीत बाप कैद झाला. सुटकेची किंमत ठरली ती मोठी मजेशीर. शिवाजीराजांनी कोंढाणा परत द्यायचा आणि इकडे त्यांचे थोरले बंधू संभाजीराजे यांनी बेंगळूरचा किल्ला सोडायचा. बाप सुटला, पुढे जहागीरही परत मिळाली. संशय गेला की नाही, ते आदिलशहालाच ठाऊक.

दहा वर्षांनी पारडं फिरलं. अफझलखान चालून आला तेव्हा उत्रोळीचा देशमुख खंडोजी खोपडे त्याला जाऊन मिळाला, म्हणून पुढे स्वराज्यात त्याचा एक हात आणि एक पाय तोडला. आपल्या लेखी तो फितूर, यात वाद नाही. पण विजापूरच्या दप्तरातून पाहिलं तर हा तर इमानी वतनदार निघाला! माणूस तोच, कृत्य तेच. फरक एवढाच की निवाडा करणाऱ्याची गादी दुसरी होती.

इंग्लंडच्या मानाने खोपडे स्वस्तात सुटला. तिकडच्या 1351 च्या कायद्यात राजाच्या थोरल्या मुलाच्या बायकोशी व्यभिचार हाही राजद्रोहच होता, आणि शिक्षा म्हणजे अर्धवट फाशी, जिवंतपणी पोट फाडणं, मग शरीराचे चार तुकडे. पुढे तुकडे करणं बंद झालं, तरी फाशी कायद्याच्या पुस्तकात 1998 पर्यंत होती. अमेरिकेने मात्र राज्यघटनेतच अट घातली : एकाच कृत्याचे दोन साक्षीदार हवेत, नाहीतर आरोपीने भर न्यायालयात कबुली द्यायला हवी. स्वतः राजाविरुद्ध उठून राष्ट्र उभारलेल्या मंडळींना हा कायदा जपून लिहावासा वाटला असणार. आपण तेवढे सावध नव्हतो. राजद्रोहाच्या ज्या 124-अ कलमाखाली 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षं मंडालेला धाडलं, ते कलम स्वतंत्र भारतानेही सांभाळून ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवायला 2022 उजाडावं लागलं.

मधल्या काळात द्रोह राज्याच्या पातळीवर उतरला. 2017 च्या मे महिन्यात कर्नाटकाचे मंत्री रोशन बेग म्हणाले की ‘जय महाराष्ट्र’ म्हणणाऱ्या लोकप्रतिनिधींचं पद जाईल असा कायदा आणू. रोख अर्थातच बेळगावकडे होता, जिथे 1 नोव्हेंबरला एका घरावर राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा असतो आणि दुसऱ्या घरातला माणूस काळा दिवस पाळायला निघालेला असतो. आपले तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी उत्तर म्हणून एसटीवरच ‘जय महाराष्ट्र’ लिहायचं ठरवलं. लोकप्रतिनिधीचं पद काढता येतं. लाल डब्याचं काय काढणार?

या सगळ्यात ज्याची परीक्षा वरचेवर होते तो गडी बेंगळुरूचाच. शिवाजीराव गायकवाड, घरची भाषा मराठी, इथल्या सिटी बसचा कंडक्टर, पुढे तमिळांचा रजनीकांत. 2008 मध्ये होगेनक्कलच्या पाण्यावरून तो चेन्नईत तमिळांच्या बाजूने बोलला, तेव्हा कर्नाटकात त्याच्या सिनेमांना बंदीच्या धमक्या आल्या. त्याचा ‘कुसेलन’ लागायच्या वेळी त्याने कन्नडिगांची समजूत काढली, तर तिकडे तमिळ संघटना बिथरल्या. एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन राज्यांचा द्रोह! सासऱ्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “दोनच? त्याचं मूळ गाव पुरंदर तालुक्यात, मावडी कडेपठार. आणि मराठी पिक्चर एकही नाही. त्याचं कलम कुठलं लावायचं?”

घरमालकांना हे भाषांतर करून सांगितलं. ते हसले, आणि म्हणाले की आधी अभिनेते राजकुमारांच्या गावात राहून कन्नड पिक्चर न पाहणाऱ्या भाडेकरूचं कलम शोधू.