इगतपुरीला गाडी थांबते

लहानपणी मुंबईहून जळगावला मामाकडे निघालो की गाडी इगतपुरीला हटकून थांबायची. तेव्हा मुंबईकडची वीज डीसी आणि पुढची एसी, म्हणून इथे इंजिन बदलायचं. एरवी जेवतानाही घड्याळ बघणारे आमचे वडील इथे फलाटावर उतरत, वडे घेत आणि इंजिन जोडणाऱ्यांकडे कमरेवर हात ठेवून बघत राहत. आई खिडकीतून "अहो, चढा आता!" म्हणून जीव काढायची. तरी त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी निवांत कळा असे, ती दिवाळीच्या सुट्टीतही दिसली नाही.

आपल्याकडे निवांतपणाची जरा पंचाईतच आहे. फुरसत, रजा, आराम, मौज, मजा हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले पाहुणे. खास घरचा शब्द कोणता, तर 'रिकामटेकडा'! मोकळ्या वेळाला शब्द उसना आणायचा आणि शिवी मात्र घरची, हे आपल्या स्वभावाला धरूनच झालं.

म्हणून परवा पावसाळ्यात इगतपुरीला गेलो तो यादी करूनच. घाटनदेवी, उंट दरी, भावली धरण, त्रिंगलवाडीचा किल्ला. दोन दिवसांत सगळं 'उरकायचं' होतं. उंट दरीपाशी पोहोचलो तर समोर धुक्याची पांढरी भिंत. बायकोने त्या भिंतीचेही फोटो काढले. कणसं भाजणाऱ्या बाईंना विचारलं, "दरी कुठाय?" त्या म्हणाल्या, "हितंच हाये की. बसा, निघंल कवातरी." दरी काही निघाली नाही. कणसं मात्र तीन-तीन झाली.

याच गावात धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवस मौन, ना फोन, ना पुस्तक, पहाटे चारला घंटा. स्वस्थ बसणं हे किती कष्टाचं काम आहे, ते तिथे जाऊन आलेल्या माणसाला विचारावं. मला दहा मिनिटंही जमत नाही. आठव्या मिनिटाला गॅसचा सिलिंडर आठवतो.

मला आपलं बँकर इंजिन जवळचं वाटतं. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंतचा थळ घाट १८६५ पासून गाड्यांचा घाम काढतोय. चढ ३७ फुटांना एक फूट. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर लागतात आणि ढकलत वर आणतात. इगतपुरीला त्यांना सोडवतात. मग ती बिनडब्यांची इंजिनं उतारावरून नुसती परत जातात. कुणी त्यांना रिकामटेकडी म्हणत नाही.

तर पावसाने यादी भिजवली आणि आम्ही खोलीत पत्ते काढले. बदाम सात. सोळा वर्षांच्या मुलाने आधी "काय हे!" केलं, मग सलग तीन डाव आईला हरवून फोन उशीखाली सारला. परतीच्या गाडीतही डाव चालूच. गाडी अजून इगतपुरीलाच थांबून होती. घाट उतरण्याआधी ब्रेक तपासायचे होते. समोरचे गृहस्थ दर मिनिटाला घड्याळ बघून उसासत होते. गाडी कधी हलली ते आम्हाला कळलंच नाही, कारण इस्पिकचा छक्का कोण दाबून बसलंय याची चौकशी चालू होती.

तो माझ्याकडे होता.